टेड क्रूझ: वकिलीतून सिनेटपर्यंत — वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

टेक्सासचे रिपब्लिकन सिनेटर टेड क्रूझ हे अमेरिकेतल्या पुराणमतवादी राजकारणातलं ठळक नाव. त्यांच्या वकिलीबद्दल आणि निवडणुकांबद्दल गोव्यातल्या वाचकांची बरीच पत्रं आली. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

आमच्याकडे आधी पंच, मग सरपंच, मग जिल्हा पंचायत, आणि नशिबाने साथ दिली तर आमदारकी. क्रूझ यांनी सिनेटच्या आधी एकही निवडणूक लढवली नव्हती म्हणतात. मग थेट सिनेट कशी मिळाली? — एक वाचक, पेडणे

खरं आहे. २०१२ ची सिनेटची निवडणूक ही त्यांची पहिलीच, आणि तेव्हा ते ४१ वर्षांचे होते. पण त्याआधीची सतरा वर्षं ते सत्तेच्या आसपासच वावरत होते, फक्त मतं मागत नव्हते.

प्रिन्स्टनमधून १९९२ साली पदवी, हार्वर्डमधून १९९५ साली कायद्याची पदवी. त्यानंतर एक वर्ष फेडरल म्हणजे केंद्रीय अपील न्यायालयाचे न्यायाधीश मायकल लुटिग यांच्याकडे लॉ क्लार्क, आणि पुढचं वर्ष सरन्यायाधीश विल्यम रेन्क्विस्ट यांच्याकडे. इथला ‘क्लार्क’ म्हणजे कारकून नव्हे. न्यायमूर्तींसाठी प्रकरणांचं टिपण काढणं, कुठला अर्ज सुनावणीला घेण्यासारखा आहे ते सुचवणं, निकालपत्राच्या मसुद्यात मदत करणं हे त्याचं काम. दरवर्षी हजारो अर्ज येतात आणि सुनावणीला शंभरही घेतले जात नाहीत. ही चाळणी आतून पाहिलेल्या वकिलाला पुढे आपला अर्ज कसा लिहायचा हे वेगळं शिकवावं लागत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयातही ठराविक मुदतीसाठी लॉ क्लार्क नेमतात. अमेरिकेत मात्र हे एक वर्ष वकिलाच्या नावाला जन्मभर चिकटतं.

मग वॉशिंग्टनमधल्या एका छोट्या फर्ममध्ये वकिली. १९९९ मध्ये जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या अध्यक्षपदाच्या प्रचारात धोरण सल्लागार. २००० साली अध्यक्षीय निवडणुकीतल्या फ्लोरिडाच्या फेरमोजणीच्या वादात बुश यांच्या वकिलांच्या फळीत. त्यानंतर न्याय खात्यात आणि फेडरल ट्रेड कमिशन या केंद्रीय व्यापार आयोगात नोकरी. २००३ मध्ये टेक्सासचे अ‍ॅटर्नी जनरल ग्रेग अ‍ॅबट यांनी त्यांना राज्याचं सॉलिसिटर जनरल केलं (हे पद काय असतं ते पुढच्या उत्तरात), आणि मे २००८ पर्यंत ते त्या पदावर राहिले. आमच्या मते पुढचं सगळं या पाच वर्षांवर उभं आहे. मतदारांपुढे जाताना ‘मी टेक्सासच्या बाजूने हे हे खटले लढलो’ अशी यादी त्यांच्या हातात तयार होती.

सॉलिसिटर जनरल म्हणजे आपल्या राज्याचा अ‍ॅडव्होकेट जनरलच ना? तिथे प्रत्यक्षात काम काय असतं? — कायद्याची विद्यार्थिनी, मिरामार

नाही, ताई, इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. गोव्याचे अ‍ॅडव्होकेट जनरल राज्यघटनेच्या कलम १६५ प्रमाणे राज्यपाल नेमतात. पदासाठी उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्याची पात्रता लागते, म्हणजे वकील म्हणून येणाऱ्याला दहा वर्षांची वकिली हवी. टेक्सासमध्ये अ‍ॅटर्नी जनरल लोकांच्या मतांवर निवडून येतो. त्याच्या हाताखाली अपिलांपुरता जो प्रमुख वकील असतो, तो सॉलिसिटर जनरल. हे कार्यालय १९९९ मध्ये जॉन कॉर्निन अ‍ॅटर्नी जनरल असताना सुरू झालं. म्हणजे क्रूझ आले तेव्हा त्याला जेमतेम चार वर्षं झाली होती.

काम मुख्यतः कागदाचं. खाली हरलेलं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात न्यायचं तर निकालापासून ९० दिवसांत अर्ज करायचा. नऊपैकी चार न्यायमूर्तींनी होकार दिला तरच सुनावणी. त्या अर्जाच्या पहिल्याच पानावर, बाकी काहीही नसताना, फक्त एक-दोन वाक्यांत कायद्याचा प्रश्न छापलेला असतो. तो नेमका पडला नाही तर मागची सगळी पानं वाया. ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढ्याने भागत नाही. दोन अपील न्यायालयांनी एकाच मुद्द्यावर उलटसुलट निकाल दिलेत हे दाखवता आलं, तर अर्जाला वजन येतं.

अर्ज मंजूर झाला की लेखी युक्तिवाद, म्हणजे ब्रीफ. लहान पुस्तिकेच्या आकारात छापून ४० प्रती द्यायच्या. मुखपृष्ठाचे रंगही ठरलेले: अर्जदाराचा फिकट निळा, उत्तर देणाऱ्याचा फिकट लाल, प्रत्युत्तराचा पिवळा, आणि खटल्यात पक्षकार नसलेल्या त्रयस्थांचा हिरवा. टेबलावर ढीग असला तरी न्यायमूर्तींचा हात बरोबर हव्या त्या पुस्तिकेवर पडावा हा उद्देश.

तोंडी युक्तिवादाला प्रत्येक बाजूला साधारण अर्धा तास. आपल्याकडे एखादी सुनावणी दिवसेंदिवस चालते, तशी सोय तिथे नाही. पाच मिनिटं उरली की समोर पांढरा दिवा लागतो आणि वेळ संपली की लाल. क्रूझ यांच्या काळात तर पहिल्या मिनिटापासूनच प्रश्नांचा मारा सुरू व्हायचा. पाठ केलेलं भाषण घेऊन उभा राहणारा वकील इथेच फसतो, कारण तिसऱ्या वाक्यालाच त्याला अडवलं जातं आणि मग त्याला धागा सापडत नाही. त्यापेक्षा वाटेल त्या प्रश्नावरून आपल्या दोन मुद्द्यांवर परत यायची सवय हवी. क्रूझ कॉलेजात वादविवाद स्पर्धांचे राष्ट्रीय विजेते होते, तिथली तयारी इथे कामी आली. सॉलिसिटर जनरल म्हणून त्यांनी सर्वोच्च न्यायालयात आठ वेळा युक्तिवाद केला.

क्रूझ यांचा सगळ्यात गाजलेला खटला कोणता? कुलभूषण जाधव प्रकरणाशी त्याचं साम्य आहे असं ऐकलं. — निवृत्त शिक्षक, साखळी

साम्य आहे, गुरुजी. मुद्दा अगदी तोच, फक्त खुर्च्या उलट. खटल्याचं नाव मेदेयीन विरुद्ध टेक्सास.

१९९३ मध्ये ह्यूस्टनमध्ये दोन किशोरवयीन मुलींवर बलात्कार करून त्यांचा खून झाला. त्यात मेक्सिकोचा नागरिक असलेल्या होसे मेदेयीनला फाशीची शिक्षा झाली. पण परदेशी माणसाला अटक केली की ‘तुला तुझ्या देशाच्या वकिलातीशी बोलता येईल’ हे त्याला सांगावं लागतं. व्हिएन्ना कराराचं कलम ३६ तसं सांगतं. मेदेयीनला ते सांगितलं गेलं नव्हतं. २०१९ मध्ये भारताने पाकिस्तानविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जिंकलं, ते याच कलमावर. मेक्सिकोनेही २००४ मध्ये तिथेच अमेरिकेविरुद्ध निकाल मिळवला होता: आपल्या ५१ नागरिकांच्या प्रकरणांचा अमेरिकेने फेरविचार करावा.

आता पेच बघा. २००५ मध्ये अध्यक्ष बुश यांनी लेखी फर्मावलं की राज्यांच्या न्यायालयांनी हा निकाल मानावा. बुश टेक्सासचे माजी गव्हर्नर, क्रूझ यांच्याच पक्षाचे, आणि त्यांचे जुने साहेब. टेक्सासने तरीही नकार दिला, आणि क्रूझ १० ऑक्टोबर २००७ रोजी बुश सरकारच्या भूमिकेविरुद्ध उभे राहिले.

त्यांनी ‘मेक्सिको चूक की बरोबर’ या वादात पाय घातला नाही. त्यांनी प्रश्नच वेगळा मांडला: करार सही केला म्हणजे तो आपोआप देशातला कायदा होतो का? आणि होत नसेल, तर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा न करता एकटा अध्यक्ष राज्याच्या न्यायालयाला हुकूम सोडू शकतो का? मार्च २००८ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी निकाल टेक्सासच्या बाजूने लागला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी तो लिहिला. त्याच वर्षी ५ ऑगस्टला मेदेयीनला मृत्युदंड दिला गेला.

भारतातही करार आपोआप कायदा होत नाही. कलम २५३ खाली संसदेने कायदा करावा लागतो. त्यामुळे हा निकाल आपल्या विद्यार्थ्यांना परका वाटू नये. आम्हाला मात्र एक गोष्ट टोचते. निकाल कायद्याच्या चौकटीत बसतो, पण अमेरिकेने दिलेला शब्द पाळायची जबाबदारी नेमकी कोणाची हे त्यातून मोकळंच राहतं. परदेशात पकडल्या गेलेल्या अमेरिकन माणसालाही त्याची झळ लागू शकते.

त्यांच्या हातून वकील म्हणून चूक कुठे झाली? नुसतं कौतुक नको. — एक वकील, मडगाव

२००४ चा ड्रेटके विरुद्ध हेली हा खटला वाचा. हा खटला फार थोडे लोक वाचतात, आणि वकिलाने तो वाचलाच पाहिजे.

एका माणसाने दुकानातून कॅल्क्युलेटर चोरला. गुन्ह्याला जास्तीत जास्त दोन वर्षं. सरकारी वकिलांनी त्याला ‘सराईत गुन्हेगार’ ठरवलं आणि शिक्षा झाली साडेसोळा वर्षं. सराईत ठरवायला नियम असा, की पहिल्या गुन्ह्याची शिक्षा अंतिम झाल्यानंतर दुसरा गुन्हा घडलेला हवा. इथे दुसरा गुन्हा तीन दिवस आधी घडला होता. तारखांची ही गफलत न सरकारी वकिलाला दिसली, न आरोपीच्या वकिलाला, न न्यायाधीशांना. नंतर आरोपीच्या लक्षात आलं, तेव्हा राज्याने म्हटलं, हा आक्षेप वेळेवर घेतला नाहीस, आता उशीर झाला.

सर्वोच्च न्यायालयात टेक्सासच्या वतीने क्रूझ. शिक्षा चुकीची आहे हे ते नाकारत नव्हते. त्यांचं म्हणणं एवढंच, की मुदतीचा नियम अशा प्रकरणांत सैल केला तर फेडरल न्यायालयांत अर्जांचा पूर येईल. त्यावर न्यायमूर्ती केनेडी यांनी विचारलं, तुमच्या राज्यात चूक कबूल करायला बंदी आहे का? निकाल तांत्रिकदृष्ट्या टेक्सासच्या सोयीचा लागला. प्रकरण परत खाली गेलं, आधी बाकीची कारणं तपासा असा आदेश झाला, आणि शेवटी तो माणूस भोगलेल्या शिक्षेवर सुटला. तोवर त्याची सहा वर्षांहून अधिक तुरुंगात गेली होती.

सरकारी वकिलाला खासगी पक्षकारासारखं नुसतं जिंकून चालत नाही. नियमाचा मुद्दा खरा होता, पण तो मांडायला हा माणूस वेठीला धरायची गरज नव्हती. दुसरं प्रकरण निवडता आलं असतं.

२०१२ च्या प्रायमरीत क्रूझ दुसऱ्या क्रमांकावर होते. तरी उमेदवारी त्यांनाच कशी? — एक वाचक, म्हापसा

आपल्याकडे पहिला तो विजयी, मग मतं तीस टक्के का असेनात. टेक्सासच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, ५० टक्क्यांच्या वर मतं लागतात. कोणालाच मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान होतं. त्याला रनऑफ म्हणतात.

२९ मे २०१२ च्या पहिल्या फेरीत लेफ्टनंट गव्हर्नर डेव्हिड ड्यूहर्स्ट यांना ४४.६ टक्के, क्रूझ यांना ३४.२ टक्के. ३१ जुलैच्या रनऑफमध्ये क्रूझ ५६.८, ड्यूहर्स्ट ४३.२. टक्क्यांपेक्षा मतांचे आकडे जास्त बोलके आहेत. ड्यूहर्स्ट यांची मतं ६ लाख २७ हजारांवरून ४ लाख ८० हजारांवर आली. क्रूझ यांची ४ लाख ८० हजारांवरून ६ लाख ३१ हजारांवर गेली. भर उन्हाळ्यात दुसऱ्यांदा मतदानाला कोण जातं? ज्याला खरी तळमळ आहे तोच. ती तळमळ असलेले, टी पार्टी या कडव्या पुराणमतवादी चळवळीचे मतदार क्रूझ यांच्याकडे होते. सव्वा कोटीहून जास्त नोंदणीकृत मतदारांच्या राज्यात अकरा लाख लोकांनी उमेदवार ठरवला, आणि राज्य रिपब्लिकन कलाचं असल्याने नोव्हेंबरची लढत जवळपास तिथेच संपली.

आणखी एक कारण सहसा सांगितलं जात नाही. प्रायमरी मुळात मार्चमध्ये होती. मतदारसंघांच्या फेररचनेवरून कोर्टकज्जे चालू असल्याने ती मेपर्यंत लांबली. नाव माहीत नसलेल्या उमेदवाराला गावोगाव फिरायला जवळजवळ तीन महिने जास्त मिळाले. क्रूझ स्वतः २००६ मध्ये टेक्सासच्या फेररचनेचा खटला सर्वोच्च न्यायालयात लढले होते. बहुतेक नकाशा टिकला, पण २३ क्रमांकाचा मतदारसंघ लॅटिनो मतदारांवर अन्याय करतो म्हणून रद्द झाला.

क्रूझ यांचा जन्म कॅनडाचा, मग ते अध्यक्षपदाला उभे कसे राहिले? आमच्या सासष्टीत कित्येकांकडे पोर्तुगीज कागद आहेत, म्हणून विचारतो. — एक वाचक, केपे

जन्म २२ डिसेंबर १९७०, कॅल्गरी, कॅनडा. वडील क्यूबाचे, आई अमेरिकेच्या डेलावेअर राज्यात जन्मलेली. अमेरिकेचा अध्यक्ष ‘जन्मजात नागरिक’ हवा, वय किमान ३५ आणि देशात १४ वर्षं वास्तव्य. परदेशात जन्मलेल्या मुलाला आईकडून नागरिकत्व मिळायला त्या काळच्या कायद्यात अट होती: आई आधी किमान दहा वर्षं अमेरिकेत राहिलेली हवी, आणि त्यातली पाच वयाच्या चौदाव्या वर्षानंतरची. त्यांची आई या अटीत बसत होती. म्हणून जन्माच्या क्षणीच ते अमेरिकन नागरिक झाले, आणि ‘जन्मजात’चा अर्थ हाच, असं बहुतेक घटनातज्ज्ञ मानतात. २०१६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या न्यायालयांनी तसा निर्णयही दिला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र यावर कधी निवाडा केलेला नाही.

कॅनडात जन्मल्यामुळे कॅनडाचं नागरिकत्वही त्यांच्याकडे आपोआप होतं. २०१३ मध्ये ते उघड झाल्यावर त्यांनी ते सोडलं, मे २०१४ मध्ये.

गोव्यातली गोष्ट वेगळी आहे, आणि क्रूझ यांचं उदाहरण इथे लावू नका. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. भारतीय माणसाने स्वतः होऊन दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपतं, आणि ते संपलं की मतदार यादीतलं नाव, उमेदवारी सगळंच जातं. पोर्तुगीज कागदांसाठी लिस्बनमध्ये जन्मनोंदणी केली म्हणजे नागरिकत्व ‘घेतलं’ का, यावर तक्रार झाली तर तो प्रश्न केंद्र सरकारपुढे जातो. निवडणूक लढवायचा विचार असेल तर अर्ज भरायच्या आठवड्यात नव्हे, खूप आधी जाणत्या वकिलाला कागद दाखवा. एक गंमत मात्र आहे: भारताचा राष्ट्रपती व्हायला नागरिकत्व लागतं, पण ते ‘जन्मजात’ हवं ही अट नाही.

त्यांनी निवडणूक आयोगाला कोर्टात खेचलं ते प्रकरण सोप्या भाषेत सांगाल का? — सनदी लेखापाल, वास्को

उमेदवार स्वतःच्या मोहिमेला कर्ज देऊ शकतो. जिंकल्यावर आलेल्या देणग्यांतून ते फेडता येतं, पण २००२ च्या कायद्याने त्यावर अडीच लाख डॉलरची मर्यादा घातली होती. त्यावरची रक्कम मतदानाआधी जमलेल्या पैशातून वीस दिवसांत फेडायची, नाही तर ती देणगी धरली जायची.

२०१८ च्या मतदानाच्या आदल्या दिवशी क्रूझ यांनी २ लाख ६० हजार डॉलर कर्ज दिलं. मोहिमेने वीस दिवस जाऊ दिले. दहा हजार डॉलर अडकले, आणि ते मुद्दाम, कारण प्रत्यक्ष नुकसान झाल्याशिवाय कायद्याला आव्हान देता येत नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ ने मर्यादा रद्द केली. विरोधी मतात न्यायमूर्ती केगन यांनी जो धोका दाखवला तो आम्हाला पटतो: निवडून आलेल्याला नंतर दिलेली देणगी प्रचाराला लागत नाही, कर्जफेडीतून थेट त्याच्या खिशात जाते.

तुलनेला: गोव्यात विधानसभेच्या उमेदवाराला २८ लाख रुपये खर्चाची कमाल मर्यादा आहे, आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो. तो न दिल्यास तीन वर्षं अपात्रता येऊ शकते. अमेरिकेत १९७६ पासून उमेदवाराच्या खर्चाला मर्यादाच नाही. मर्यादा आहे ती देणगीवर.

सिनेटमध्ये ते २१ तास बोलले. त्याने काय साधलं? — डिचोली

कामकाज थांबवायच्या दृष्टीने काहीच नाही. ओबामांच्या आरोग्य योजनेला पैसा मिळू नये म्हणून ते २४ सप्टेंबर २०१३ ला दुपारी बोलायला उभे राहिले ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, २१ तास १९ मिनिटं. बसायचं नाही, सभागृह सोडायचं नाही. पण पुढच्या मतदानाची वेळ आधीच ठरली होती, त्यामुळे ते अडलं नाही, आणि ते मतदान १०० विरुद्ध ० झालं, म्हणजे क्रूझ यांचंही मत त्यात होतं. योजनेला पैसा नको, हा आग्रह पुढे चालू राहिला आणि १ ऑक्टोबरपासून १६ दिवस सरकारी कामकाज ठप्प झालं. योजनेचा पैसा बंद झाला नाही. देशभर नाव मात्र झालं, आणि २०१६ च्या अध्यक्षीय शर्यतीत आयोवात ट्रम्प यांना हरवण्यापर्यंत ते नाव पोहोचलं. नऊ न्यायमूर्तींपैकी पाच पटवणं आणि शंभर सिनेटरांतले साठ जमवणं ही दोन निराळी कामं आहेत. पहिल्यात ते तरबेज, दुसऱ्यात त्या वर्षी अगदीच एकटे पडले.

आता ते वकिली करतात का? आणि हे युक्तिवाद आम्हाला वाचता येतील का? — कायद्याचे विद्यार्थी, फोंडा

फी घेऊन नाही. सिनेटरला पक्षकाराकडून मोबदला घेऊन वकिली करायला बंदी आहे. आपल्याकडे आमदार-खासदारांना वकिली करता येते, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तसं स्पष्ट केलं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आनंदाने हो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर युक्तिवादांचे शब्दशः उतारे फुकट मिळतात. मेदेयीनचा क्रमांक ०६-९८४. आधी फक्त कायद्याचा प्रश्न वाचा आणि दोन्ही बाजूंनी प्रत्येकी तीन मुद्दे स्वतः वहीत लिहा. मग दोन्ही ब्रीफ वाचा, आणि उतारा सगळ्यात शेवटी. न्यायमूर्तींचा प्रत्येक प्रश्न आला की खालचं उत्तर हाताने झाका, आपलं उत्तर मोठ्याने द्या, आणि मग हात काढा.